तीनचं दूध

हे रचलेलं नाही. रचायचं असतं, तर मी स्वतःला जरा शहाणा तरी दाखवला असता.

घडलं ते माझ्या दाजींच्या घरी, बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या लोखंडी खाटेवर. रात्र नऊ दिवसांपूर्वीच्या शुक्रवारची. पण मूळ त्याच्या सहा वर्षं मागे आहे. ते आधी सांगतो.

दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. आई गमावलेली हत्तीची पिल्लं जिथे वाढवतात, तिथे ते कामाला होते. लोक म्हणायचे, काय मजेची नोकरी!

"या की एक रात्र मजा करायला," दाजी म्हणायचे.

सकाळी पिल्लांना झाडीत फिरवून आणायचं. दुपारी चिखलात लोळवायचं. कान उन्हाने भाजू नयेत म्हणून मलम चोळायचं. आणि दर तीन तासांनी दूध. दोरीवर जाड कांबळं टांगायचं आणि त्याच्या आडून बाटली पुढे करायची. पिल्लू सोंड कांबळ्यावर टेकवतं, त्याला ते आईचं पोट वाटतं, मग पितं.

रात्रीही सुटका नाही. प्रत्येक पिल्लाच्या खोलीत एक माणूस. माणूस वर फळीवर, पिल्लू खाली पेंढ्यात. गजर लागतच नसे. वेळ झाली की पिल्लू सोंड वर करून माणसाचं पांघरूण ओढी.

बारा. तीन. सहा.

नियम एकच. पिल्लाजवळ रोज वेगळा माणूस झोपणार. मुकादम संध्याकाळी फळ्यावर खडूने पाळ्या लिहीत आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत, "एकाचाच लळा लागला आणि तो माणूस रजेवर गेला, की पिल्लू दूध सोडतं. मग आपण नुसतं बघत बसायचं."

शेंडी आलं तेव्हा जेमतेम महिन्याचं होतं. टाळूवर केसांचा झुबका, म्हणून शेंडी. कोणाच्याच हातचं पिईना. दाजींनी बाटली धरली... आणि पठ्ठ्याने सगळी संपवली.

दुसऱ्या रात्री फळ्यावर दुसऱ्याची पाळी होती. शेंडी रात्रभर ओरडत राहिलं. तिसऱ्या दिवशी दाजींनी त्या गड्याला बाजूला घेतलं.

"तू माझ्या खोलीत झोप. माझं पिल्लू शहाणं आहे, फार उठवत नाही."

फुकटची झोप कोण सोडतो? त्या रात्री अदलाबदल झाली. मग रोजच होऊ लागली. फळ्यावर रोज नवा माणूस, फळीवर मात्र दाजीच. सतरा रात्री. शेंडीने बाळसं धरलं. मुकादम खूश.

मग ताईचं पोटाचं ऑपरेशन निघालं आणि दाजी चार दिवस रजेवर गेले.

परत आले, तेव्हा शेंडीची चार नंबरची खोली धुऊन काढलेली होती. पेंढाही नव्हता.

"तिसऱ्या रात्री गेलं," मुकादम म्हणाले. "तीनच्या दुधाला. सगळ्यांच्या हातचं पीत होतं रे, फळ्यावर आहे की. एकाएकी काय झालं, काही कळत नाही."

दाजींना कळत होतं. ते बोलले नाहीत. अदलाबदल करणारेही कोणी बोलले नाहीत.

त्या रात्री ते दुसऱ्या पिल्लाच्या खोलीत झोपले. तीनला पांघरूण ओढलं गेलं. ते बाटली घेऊन खाली उतरले...

पिल्लू गाढ झोपलेलं होतं.

त्यांनी नोकरी सोडली. घरी आले. पांघरूण घरीही ओढलं जाऊ लागलं. बारा, तीन, सहा. रोज. सहा वर्षं.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही आपले हसायचो. लेकीच्या लग्नातल्या फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे आहेत, नवरीच्या बापाचे मिटलेले. जेवताना घास हातात धरून डुलकी. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी ताई कंटाळून आतल्या खोलीत झोपायला लागली.

आता तो शुक्रवार.

त्यांच्या गावात माझं आठवडाभराचं काम निघालं. दाजींचा पाहुणचार म्हणजे पाण्याचा पेला विचारून देणारा. यावेळी मात्र स्वतः अंथरूण घातलं, उशी झटकली आणि म्हणाले, "तू माझ्या खाटेवर झोप. मी आत जातो. वारा छान येतो इथे."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

बाराला जाग आली. कांबळं गुडघ्यापर्यंत घसरलेलं. मी वर ओढलं आणि झोपलो.

तीनला पुन्हा जाग आली.

यावेळी कांबळं घसरत नव्हतं... कोणीतरी ओढत होतं. हळूच. थांबून. पुन्हा हळूच. लहान मूल झोपलेल्या माणसाचा सदरा ओढतं ना, तसं.

खोलीत ओल्या पेंढ्याचा वास होता.

खाटेखालून श्वास ऐकू येत होता. लांब. ओलसर.

मी ओरडलो नाही. पाय पोटाशी घेऊन पडून राहिलो. सहाला पुन्हा तेच झालं. उजाडल्यावर पाहिलं, तर कांबळ्याच्या काठाला रुपयाएवढा ओला डाग होता.

आणि आतून घोरणं ऐकू येत होतं. नऊ वाजेपर्यंत. ताई दारात उभी राहून डोळे पुसत होती. "सहा वर्षांत पहिल्यांदा रे," म्हणाली.

दाजी उठले, तोंड धुतलं, माझ्यासमोर बसले.

"किती वेळा?"

"तीन."

"हं," ते म्हणाले. "काल तुझी पाळी होती."

मग त्यांनी वर सांगितलं ते सगळं सांगितलं. मी चिडलो. मेहुण्याला असं कोणी फसवतं? ते मान खाली घालून म्हणाले, "शिव्या दे. पण आजची एक रात्र रहा. दोनच. जास्त नको. जास्त राहिलास तर सवय लागेल त्याला."

राहायचं कारण नव्हतं. पण त्या दुपारी दाजी दोन वेळा हसले. दाढी केली. ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं, "अजून एकच रात्र, भाऊ."

दोनाच्या तीन झाल्या. तिनाच्या चार.

खरं सांगायचं तर फक्त ताईसाठी नाही. माझ्या घरी मी एकटा. मला रात्री कोणी उठवत नाही, सकाळीही नाही. चौथ्या रात्री तीनला मी खाटेवरून हात खाली सोडला.

काहीतरी ओलं, केसाळ टोक बोटांवरून फिरलं. मोजल्यासारखं. एकेक बोट. मग तळव्यावर टेकून राहिलं.

मी सात रात्री राहिलो.

पुढच्या शुक्रवारी माझ्या घरी परतलो. रात्रभर जागा होतो. काही आलं नाही. दाजींकडून आणलेलं ते कांबळं जसंच्या तसं. सुटलो, असं म्हणायला हवं होतं.

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला.

"हे पुन्हा खाटेवर झोपले होते. तीनला काही ओढलं नाही रे. पण खोलीभर पावलं वाजत होती. खाटेभोवती... दारापाशी... पुन्हा खाटेभोवती. यांनी हात खाली सोडला. जवळ आलं, हुंगलं आणि मागे सरलं."

"मग?"

"मग ओरडलं."

ताईने ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.

रविवारी पुन्हा फोन. यावेळी दाजी होते. आवाजाला जीव नव्हता. "पावलं हळू पडतायत आता. मी कांबळं टांगून पाहिलं, दूध ठेवून पाहिलं. माझ्या हातचं घेत नाही. तुला सांगितलं होतं ना, दोनच रात्री?"

सतरा रात्री राहिलेल्या माणसाला सात रात्रीवाला काय उत्तर देणार?

"गेलं तर बरंच की, दाजी," मी म्हटलं. "झोप मिळेल तुम्हाला."



"मागच्या वेळी मी नव्हतो रे," ते म्हणाले. "आता समोर बसून ऐकायचं?"

मेलेलं पिल्लू पुन्हा मरतं का, मला माहीत नाही. कोणाला विचारावं, तेही माहीत नाही.

शुक्रवार, शनिवार. आज रविवार. आजची तिसरी रात्र.

हे मी बस स्थानकावर बसून लिहितोय. रजेचा अर्ज टाकलाय, किती दिवसांची ते लिहिलेलं नाही. पिशवीत दोन सदरे आहेत आणि ते कांबळं. डाग अजून सुकलेला नाही.

शेवटची बस आठची. सहा तासांचा रस्ता.

आठ वाजून वीस मिनिटं झालीत... बस अजून लागलेली नाही.