खोक्यावरची उमेदवार

"हलू नका हं... आहात तशाच उभ्या राहा."

मारितच्या हातात कॉफीचा भलामोठा थर्मास होता आणि ती वेल्डन कॉलेजच्या सभागृहाचा रंगमंच ओलांडून पलीकडे निघाली होती. आवाज ऐकून ती थबकली. कानामागे पेन्सिल खोचलेला एक उंचच उंच माणूस मोजपट्टी घेऊन आला. काही कळायच्या आत त्याने पट्टीचं एक टोक तिच्या बुटापाशी दाबलं आणि दुसरं तिच्या डोक्यापर्यंत नेलं.

"पाच फूट दोन," तो खुशीत म्हणाला.

"अडीच," मारित म्हणाली. "पाच फूट अडीच इंच."

"अर्ध्या इंचासाठी भांडणार?"

"माझ्याकडे सोडून द्यायला जास्तीचे आहेत कुठे?"

तो हसला. हसताना त्याची मान जराशी डावीकडे कलली... आणि मारितने उगाचच थर्मासचं झाकण घट्ट आहे ना ते पुन्हा तपासलं.

त्याचं नाव रुबेन आर्सेनो. टीव्हीवाल्यांच्या पथकातला ध्वनीचा माणूस, मूळचा लुइझियानाचा, तिखट खाणाऱ्या मुलखातला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन्ही उमेदवारांचा वादविवाद वेल्डनच्या सभागृहात व्हायचा होता. त्याआधी दिवे नीट पडतात का, आवाज नीट येतो का, हे बघायला उमेदवारांच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि तेही त्यांच्याच उंचीचं. दोघांपैकी गव्हर्नरबाई ठेंगण्या होत्या, म्हणून त्यांच्या जागी मारित. सिनेटर ताडमाड होते, तेव्हा त्यांच्या जागी रुबेन स्वतःच उभा राहणार होता.

"आणि बोलायचं काय?" मारितने विचारलं. सभागृहाची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. पडदा ओढण्यापासून कॉफीपर्यंत सगळं ती करायची, पण पोडियमवर उभं राहून बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"काहीही. फक्त गप्प बसू नका. गप्प बसलात की माझं काम अडतं."

सूत्रसंचालक म्हणून तिकीट खिडकीवरच्या मिसेस टॉल्फसनना बसवलं. लोकरीचं विणकाम मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खऱ्या वादविवादाचे छापील नियम त्यांनी आदल्या रात्रीच वाचून काढले होते, आणि त्यातला एक त्यांच्या फार मनात भरला होता. उमेदवारांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायचा नाही. जे विचारायचं ते सूत्रसंचालकामार्फत.

"बाई, सिनेटरसाहेबांना विचारा," मारितने पहिल्याच दिवशी सुरुवात केली, "की रोज कॉफीत चार चमचे साखर घालणाऱ्या माणसाच्या हाती देश कसा सोपवायचा?"

"सिनेटर?" मिसेस टॉल्फसननी सुई न थांबवता विचारलं.

"गव्हर्नरबाईंना कळवा," रुबेन पोडियमवर रेलून म्हणाला, "की त्यांच्या गावची कॉफी तशीच प्यायची तर माणसाचं काळीज दगडाचं लागतं. आणि हेही विचारा, की माझे चमचे त्या मोजतात कशाला?"

मारितने पोडियमच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. मागे कॅमेऱ्यापाशी कुणीतरी फिसकन हसलं.

"उत्तर द्या, गव्हर्नर," मिसेस टॉल्फसन म्हणाल्या. "वेळ जातोय तुमचा."

गावात मात्र त्या दिवसांत एकच विषय होता. होणार की नाही? दुकानांच्या काचांवर झेंडे लागले होते, बेकरीने दोन्ही उमेदवारांच्या तोंडवळ्याची बिस्किटं केली होती, वर्ग बंद ठेवून कॉलेजला आठवडाभर सुट्टी दिली होती. पण घोडं अडलं होतं एका लाकडी खोक्यावर. गव्हर्नरबाईंच्या माणसांचं म्हणणं, पोडियममागे उभं राहायला बाईंना खोकं हवं, म्हणजे पडद्यावर दोघं सारखे दिसतील. सिनेटरची माणसं म्हणत, उंची म्हणजे उंची, खोकं चालणार नाही. रोज सकाळी बातमी फिरायची. आज होणार. उद्या नाही. दोन्हीकडचे एकच वाक्य बोलत, "आम्ही तयार आहोत, ते तयार असतील तर."

मारित कधी खोक्यावर, कधी खोक्याशिवाय उभी राहायची. खोक्यावर चढली की रुबेनचे डोळे थेट तिच्या डोळ्यांसमोर यायचे. मग तिला शब्द सुचायचे नाहीत.

"खोकं काढा," ती म्हणायची. "खालूनच बरं बोलता येतं मला."

"का हो, गव्हर्नर?"

"थेट प्रश्न. बाई, बघताय ना तुम्ही?"

कापणीचे दिवस होते. मक्याच्या शेतांवरून येणारी धूळ संध्याकाळी सोनेरी व्हायची. एका दुपारी भुरभुर पाऊस लागला, काम लवकर आटोपलं, आणि मारितने रुबेनला नदीकाठच्या टपरीवर लेफ्सा खायला नेलं. बटाट्याची पातळ मऊ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. तिच्या आजीच्या हातची याहून पातळ असायची, हे सांगायला ती विसरली नाही.

"छान आहे," रुबेनने घास गिळून विचार केला. "पण तुमच्या गावात तिखट म्हणून काही नसतंच का?"

"असतं की. मिरी असते. सणावाराला."

तो इतका हसला की त्याच्या बाहीला लोणी लागलं. मारितने हातरुमाल पुढे केला. त्याने तो घेताना दोघांची बोटं जरा जास्तच वेळ एकमेकांवर राहिली. पुलाखाली पाणी तांबूस वाहत होतं.

"हे झालं की तू कुठे जाणार?" तिने विचारलं. पहिल्यांदाच तिने त्याला 'तू' म्हटलं होतं, ना बाई, ना साहेब.

"जिथे पाठवतील तिथे. आठवड्याला एक गाव. घर म्हणशील तर... एक ट्रक आहे, आणि बऱ्याच वायरी आहेत."

"आणि झालंच नाही तर?"

"तर लगेच आवरून निघायचं."

तो काहीतरी पुढे बोलणार होता. तिलाही बोलायचं होतं. पण त्याला वाटलं ती बोलेल, तिला वाटलं तो बोलेल... आणि पाऊस वाढला म्हणून दोघं उठले.

त्या रात्रीपासून मारित बातम्या बघू लागली. कोण जिंकावं याचं तिला आता फारसं पडलं नव्हतं. डिबेट व्हावी, इथे व्हावी, आणि तोवर हा माणूस इथे राहावा, एवढंच तिला हवं होतं. दाढीवाले तज्ज्ञ टीव्हीवर खोक्यावरून तावातावाने बोलायचे, आणि ही सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पुटपुटायची, "द्या ना एकदाचं ते खोकं त्या बाईला."

शुक्रवारी दुपारी रस्त्यावर एकदम गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. बेकरीवाला दारात येऊन टाळ्या वाजवत होता. दोन्ही बाजूंनी होकार आला होता, डिबेट होणार होती. मारित शिडीवर होती, ती धडाधड खाली उतरली. रुबेन रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला कानाला फोन लावून उभा होता. तिने त्याच्याकडे बघून हात उंचावला. त्याने उंचावला नाही.

"इथे नाही," फोन खाली ठेवत तो म्हणाला. "कोलंबस शहरात. तिथल्या स्टुडिओत. टेबलाशी बसून बोलणार आहेत दोघं. बसल्यावर उंचीचा प्रश्नच नाही ना."

मिसेस टॉल्फसननी विणलेल्या सगळ्या ओळी एकदा मोजल्या, आणि पुन्हा मोजल्या. बाहेरचे भोंगे हळूहळू थांबले. बातमी पुरती पोचली असावी.

"आम्हाला आजच निघायला सांगितलंय," रुबेन म्हणाला. तो दोघींकडेही न बघता बोलत होता.

तासाभरात सभागृह ओकंबोकं झालं. पोडियम गेले, दिवे गेले. मारित रिकाम्या खुर्च्यांमधून खाली पडलेले कागदी कप गोळा करत फिरत राहिली. एकाच रांगेतून ती तिसऱ्यांदा गेली, तेव्हा मिसेस टॉल्फसननी चष्मा काढला.

"तो मागच्या दाराशी गाडी भरतोय."

"माहितीये मला. तुम्ही त्याला सांगाल का, की..."

"मी कुणाला काही सांगणार नाही. माझं काम संपलं, पोरी. तुला पाय आहेत, तोंडही आहे."

मागच्या दाराशी ट्रक अर्धा भरला होता. रुबेन वायरी गुंडाळत होता, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, पुन्हा कोपर, पुन्हा अंगठा. तिला बघून त्याच्या हातातलं वेटोळं सैल झालं.

"मी येणारच होतो सांगायला," तो म्हणाला. "म्हणजे... एक काम होतं तुझ्याकडे."

"काय काम?"

"कोलंबसलाही कुणीतरी लागेलच ना. तुझ्या उंचीचं. दिवे बघायला. माझ्याबरोबर आलीस तर... तुझी राहायची सोय होईल. तुला सवय झालीच आहे कामाची."

मारित एक पाऊल पुढे आली, मग थांबली. तिने हाताची घडी घातली.

"ते बसून बोलणार आहेत ना?"

"हो."

"मग उंची कशाला लागते?"

रुबेनने वायरीकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पलीकडे कुठेतरी कापणी-यंत्राची घरघर चालू होती.

"नाही लागत," तो म्हणाला.

"मग?"

"खरं सांगू? तिथे कुणीच लागत नाहीये. दिवे बघायला बसायची माणसं त्यांनी तिथलीच घेतली आहेत, मघाशीच कळलं. तुला तिथे काही काम नाही, मारित. बसायला खुर्चीसुद्धा मिळेल की नाही, माहीत नाही." त्याने वेटोळं जमिनीवर ठेवलं, सावकाश, जणू ते फुटेल. "मलाच तू हवी आहेस बरोबर. तिकडे, आणि त्याच्या पुढच्या गावाला... आणि तुला कंटाळा आला की आपण दोघं इथे परत येऊ. इथे मिरी खाऊन राहीन मी. हे नदीवरच म्हणायचं होतं. तू बोलशील म्हणून थांबलो."

"मीही," मारित म्हणाली. तिचा आवाज इतका लहान निघाला, की आवाज ऐकण्यावरच पोट असलेला माणूसही दोन पावलं पुढे आला.

"काय म्हणालीस?"

"मीही थांबले होते. तू बोलशील म्हणून."

तो अगदी समोर उभा होता. ती टाचा उंचावून उभी राहिली, तरी जेमतेम त्याच्या हनुवटीपर्यंत पोचली, मग तोच वाकला. त्याच्या ओठांवर साखर घातलेल्या कॉफीची चव होती. ट्रकमधून कुणीतरी खोकलं. दोघांनीही लक्ष दिलं नाही.

"कामाला म्हणून बोलावलं असतंस," ती त्याच्या शर्टाच्या गुंडीशी खेळत म्हणाली, "तर मी आले नसते."

"म्हणजे आता..."

"आता थांब जरा. घरून कोट घेऊन येते. कोलंबसला थंडी असेल."