गुरुवारचा नमुना

बुधवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आरोग्य कार्यालयात फोन आला. कारखान्यातले एकोणीस कामगार जुलाब-उलट्यांनी रुग्णालयात दाखल झाले होते.

पाऊण तासात आरोग्य निरीक्षक वॉर्डात पोचली. बारा वर्षं ती हेच काम करत होती, पण आज यादी हातात घेताच तिनं आधी एक नाव शोधलं. तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात कारकून होता, त्याच कँटीनमध्ये जेवायचा. गेल्याच वर्षी त्याचं मूत्रपिंड बदललं होतं. इतरांना दोन दिवस झोपवणारं अन्न त्याच्या जिवावर बेतलं असतं.

त्याचं नाव यादीत नव्हतं. तिनं फॉर्म काढला. काय खाल्लं, कुठे, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला.

"वाटाण्याचं सूप आणि भात," पहिला रुग्ण म्हणाला. "कँटीनमध्ये. गुरुवारी पावणेएकला."

"मागच्या गुरुवारी? त्याला सहा दिवस झाले."

"नाही हो. या गुरुवारी."

"आज बुधवार आहे."

आजारी तीच असावी अशा नजरेनं त्यानं तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्यानं तेच सांगितलं. एकोणिसाव्यानंही तेच.

"अहो, पोट बिघडलं की वार कुठले लक्षात राहतात?" तिचे साहेब फोनवर म्हणाले. "उद्या तुम्ही कॅलेंडरला नोटीस बजावाल."

कँटीनच्या स्वयंपाकघरात बोट ठेवायला जागा नव्हती. भांडी घासून पालथी घातलेली, फरशी कोरडी, आचाऱ्याची नखं कापलेली. नियमाप्रमाणे प्रत्येक दिवसाच्या जेवणाचा नमुना बरणीत भरून, तारीख, वेळ आणि सही करून तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवावा लागे. सोमवारची बरणी होती. मंगळवारची होती. त्यांच्या मागे तिसरी होती.

आत हिरवट सूप. चिठ्ठीवर उद्याची, गुरुवारची तारीख, वेळ पावणेएक. फ्रिज चालू होता, तरी बरणीचा हातमोज्यातून चटका बसला.

"सही कुणाची?"

आचाऱ्यानं वाकून चिठ्ठी वाचली. "माझीच. पण बाई, वाटाणे तर अजून आलेलेच नाहीत."

तिनं बरणी प्रयोगशाळेत पाठवली, स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली बंद केली, दोन्ही दारांना सील लावलं. मग भावाला फोन केला.

"उद्या कामावर जायचं नाही. घरी केलेलंच खायचं."

"ताई, अख्खा कारखाना उपाशी ठेवलास, आता मलाही कोंडून घाल."

"चेष्टा पुरे. कबूल कर."

"बरं बाई, कबूल."

गुरुवारी बारा वाजल्यापासून ती सील लावलेल्या दारापाशी खुर्ची टाकून बसली. शेजारी पहारेकरी होता. पावणेएकला आत खुर्च्या सरकल्या. मग चमचे वाजू लागले.

पहारेकरी उठून उभा राहिला. "मॅडम, आत कोणी नाही ना?"

तिनं दोन्ही सीलं तपासली. शाबूत होती. पुढच्या दाराचं तिनं स्वतः तोडलं.

आत कोणी नव्हतं. खुर्च्या टेबलांपासून मागे ओढलेल्या होत्या. उकडलेल्या वाटाण्यांचा वास दाटला होता. वाढायच्या ओट्यावर एक पळी होती.

पळीतून अजून थेंब गळत होते.

फोन वाजला. भाऊ होता.

"ताई, पोटात कळा येताहेत."

"कुठे आहेस?"

"घरीच."

"काय खाल्लंस?"

"सूप."

"कुणी दिलं?"

हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. बारा वर्षांत तिनं तो कुणालाच विचारला नव्हता.

"असं काय करतेस? तूच तर वाढलंस."

पहारेकऱ्याच्या वहीत नोंद आहे: बारा ते पावणेएक, मॅडम दारापाशी बसून.

संध्याकाळी पाचपर्यंत रुग्णांची संख्या वीस झाली होती. प्रयोगशाळेचा अहवाल आला नव्हता. भावाला त्याच वॉर्डात दाराजवळची खाट मिळाली. डॉक्टर अजून खात्रीनं काही सांगत नव्हते. त्याचे ओठ कोरडे पडलेले पाहून ती पाण्याचा जग घेऊन वाकली.

त्यानं आपल्या ग्लासावर तळहात ठेवला.

शेजारच्या खाटेवरच्यानंही ठेवला. मग त्याच्या पलीकडच्यानं. शेवटच्या खाटेपर्यंत, एकेकानं.