चारचं दूध

गणपतरावांना फुकट जेवायची भारी हौस. गरज नव्हे, हौस. कोल्हापुरात कुठं नवीन स्कीम निघाली, फ्लॅट असू दे नाहीतर बंगलो, की हे कडक इस्त्रीचा शर्ट घालून साइट बघायला हजर. कधी रिटायर कर्नल व्हायचे, कधी दुबईहून आलेला पावणा. बिल्डरची माणसं गाडीतून न्यायची, मटणाचं ताट पुढं ठेवायची, आणि हे तांबडा-पांढरा ओरपून, मिशा पुसून ‘मंडळींना विचारून सांगतो’ म्हणून सटकायचे. घरी येऊन सगळी नक्कल करून दाखवायचे. शालूबाई पोट धरून हसायच्या आणि मग म्हणायच्या, “लाज कशी वाटत न्हाय वो तुमास्नी?”

ह्या खेपेला मात्र मंडळी शेजारच्या सीटवरच बसल्या होत्या, आणि घर खरंच घ्यायचं होतं.

राजारामपुरीतला त्यांचा राहता फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शालूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. दिवाळीपासून ह्या खेपेआधी त्या तीनदाच खाली उतरल्या होत्या, तेही शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून उचलून. तिसऱ्या वेळी जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली, तेव्हा त्यांनी कठडा असा धरला की एकेक बोट सोडवावं लागलं. त्या दिवशी गणपतरावांनी एकही चेष्टा केली नाही. पोराला पुण्याला फोन लावला आणि म्हणाले, “यशराज, तुझ्या आईला जमिनीवरचं घर पायजे.”

यशराजनंच ही जागा शोधली. ‘तृप्ती ज्येष्ठ निवास’. रत्नागिरी रोडला मलकापूरच्या अलीकडं, डाव्या हाताला आत. बैठी घरं, एका ओळीत बारा, अशा तीन ओळी. प्रत्येकाला पुढं पडवी, मागं मोरीला लागून चार पावलांचं परडं.

दाखवायला स्वप्नाली नावाची मुलगी होती. गोड बोलणारी, हातात फाइल.

“उंबरा न्हाय बगा!” शालूबाई दारातच थांबून म्हणाल्या. वॉकर आत ढकलला, बाहेर ओढला, परत आत ढकलला. “अवं, हितं तुळस लावाय येतीया. दार उघडलं की भुई. किती दिस झालं भुईवर पाय ठेवून.”

गणपतराव ‘व्हय व्हय’ म्हणत होते, पण त्यांचं ध्यान नाकात होतं.

गडमुडशिंगीच्या दूध संस्थेत हा माणूस एकतीस वर्षं सचिव. कॅनचं झाकण उघडलं की दूध म्हशीचं का गाईचं, पाणी किती घातलंय, जनावर कडबा खातंय का उसाचं वाडं, सगळं नाकानं सांगायचे. यंत्र मागनं आलं. आणि गंमत बघा, ह्याच माणसाच्या बायकोला दुधाचा वास सहन व्हायचा नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, शालूबाई कोरा चहाच प्यायच्या. संस्थेतनं आलेल्या नवऱ्यानं आधी मोरीत जाऊन अंगावर पाणी घ्यायचं, मग घरात शिरायचं.

इथं फाटकातच गणपतरावांच्या नाकाला वास लागला होता. दुधाचाच. पण गोठ्याचा नव्हे, डेअरीचाही नव्हे. बाळंतिणीच्या खोलीत असतो तसला. तान्ह्या पोरानं दूध ओकलेलं, तसंच वाळलेलं, आंबूस झालेलं दुपटं असतं ना, तसला. आणि स्वप्नाली सोडली तर सगळ्या वसाहतीत साठीच्या आतलं कोण दिसत नव्हतं.

“जनावरं कुठं बांधतासा?” त्यांनी विचारलं.

“जनावरं नाहीत काका इथं,” स्वप्नाली म्हणाली.

“मग दूध?”

“ते आपलं इथलंच आहे.”

खरंच, शेण नव्हतं, वैरण नव्हती, एक माशीसुद्धा नव्हती. गणपतराव मनात म्हणाले, पावडर कालवत असतील. असल्या दुधातल्या चोऱ्या त्यांनी ढिगानं पकडल्या होत्या.

जेवण दोघांनाच वाढलं. भात, आमटी, वांग्याची भाजी. डायनिंग हॉलात चाळीस खुर्च्या आणि बाकी सगळ्या रिकाम्या. गणपतराव हात धुवायच्या निमित्तानं स्वैपाकघरात डोकावले. एकच शेगडी, तीही कोरी. एकच कुकर, त्यावर स्टिकर तसाच.

“बाकीची मंडळी जेवत न्हाईत काय?”

“ते चारला घेतात,” स्वप्नाली म्हणाली आणि फाइल छातीशी धरली.

चारला पाच मिनिटं असताना मंडळी पडवीत यायला लागली. काठ्या टेकत, भिंत धरत, कोण व्हीलचेअरमधनं. कुणी कुणाशी बोललं नाही. तीस-पस्तीस म्हातारी माणसं डोंगराकडं तोंड करून खुर्च्यांत बसली, आणि बसल्या बसल्या सगळ्यांनी तोंडं उघडली.

जांभई नव्हे. उघडली आणि तशीच ठेवली. घरट्यातल्या पिल्लांसारखी. कवळ्या कुणालाच नव्हत्या. नुसत्या ओल्या, गुलाबी हिरड्या. हनुवटीवरनं लाळ ओघळत होती, शर्टावर पडत होती. एकाच्या कॉलरवर वाळक्या दह्याची खपली होती. कुणी पुसत नव्हतं.

गणपतराव एकेक तोंड बघत पुढं सरकले.

तेवढ्यात त्यांना तिसऱ्या खुर्चीतला माणूस ओळखू आला. विजयसिंह पैलवान! गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत पेल्यात काढून घेऊन, फेसासकट एका दमात पिणारा हा गडी. लाल मातीत कान मोडून मोडून भज्यासारखे झालेले. गणपतरावांनी एकदा त्याच्या दुधात मीठ टाकलं होतं, तेव्हा त्यानं त्यांना अख्खा शिवाजी पूल पळवला होता.

“पैलवान! वळखलं काय? मिठाचं दूध?”

पैलवानानं मान वळवली. तोंड उघडंच. गाल मळलेल्या कणकेसारखे. आणि कान... गणपतराव वाकून बघायला लागले. मोडलेला कान आयुष्यात सरळ होत नसतो. पैलवानाचे दोन्ही कान नीट होते. मऊ, पातळ, उन्हात शिरा दिसणारे. चार महिन्यांच्या पोराचे असतात तसे.

हिरवा गाऊन घातलेली एक मावशी ट्रे घेऊन आली. स्टीलचे पेले, वर फेस, वाफ. ती एकेकाच्या तोंडात पेला रिकामा करायची, मग पाठीवर थापट्या मारायची. ढेकर येईपर्यंत. ढेकराबरोबर पांढरं थोडं बाहेर यायचं, ते ती बोटानं गोळा करून परत आत घालायची.

गणपतरावांनी तोंड फिरवलं. त्यांनी सडलेलं दूध बघितलं होतं, कॅनमधनं मेलेला उंदीर काढला होता, पण तोंड कधी फिरवलं नव्हतं.

मावशी त्यांच्यापुढं थांबली. ट्रेवर दोनच पेले उरले होते.

“घ्या की पावणं. रिकाम्या तोंडी जायाचं न्हाय हितनं.”

“मला नगं वो,” शालूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या. “मी दूध पीत न्हाय.”

आता बघा. माणूस घाबरला की काय करतो? ज्याला जे येतं ते करतो. गणपतरावांना चेष्टाच यायची.

“ऐकू नका मावशी! लाजाय लागल्यात. घरात पातेल्यालाच त्वांड लावत्यात ह्या!”

सगळ्या खुर्च्यांमधनं माना वळल्या. पेला शालूबाईंच्या हातात आला. त्यांनी नवऱ्याकडं असं बघितलं की घरी गेल्यावर खैर नाही. पण चारचौघांत, परक्याच्या दारात, हातात दिलेला पेला खाली ठेवायची रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि ओठ लावला.

गणपतराव वाट बघत होते. आता ठसका लागेल, आता तोंड वाकडं होईल, आता शिवी येईल.

शालूबाईंनी पेला संपवला. कड चाटली. मग आत बोट फिरवून बोट चोखलं.

“आनी हाय?” त्या म्हणाल्या.

गणपतरावांनी आपल्या पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय. म्हैस नव्हे. गाय नव्हे, शेळी नव्हे. कोमट, गोडसर, आणि मागनं एक चव राहत होती, ती ओळखीची होती पण कुठली ते आठवत नव्हतं. ते शेजारच्या कुंडीत थुंकले. मावशीची पाठ वळल्यावर अर्धं दूध पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं आणि उरलेलं त्याच कुंडीत ओतलं. कुणी बघितलं नाही. ह्या कामात हात त्यांचा कोण धरणार?

येताना गाडीत शालूबाई एकच वाक्य बोलल्या. “घर झ्याक हाय.”

बाटली फ्रीजमध्ये तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी गणपतराव ती घेऊन गडमुडशिंगीला संस्थेत गेले. आता तिथं राजवीर सचिव. तिशीतला, हुशार.

“अण्णा, ऊन कसं काय ह्ये? आत्ता काढलंय व्हय?”

“तू फॅट बघ.”

राजवीरनं यंत्राला लावलं. तीन पॉइंट नऊ. परत लावलं. अकरा. परत लावलं. शून्य. त्यानं यंत्र धुतलं, शेजारच्या कॅनमधलं दूध लावून बघितलं, बरोबर आलं. परत बाटलीतलं लावलं. आकडा थांबेचना, नुसता वर-खाली.

“कशाचं हाय, अण्णा?” राजवीर हात पँटला पुसत म्हणाला. परत परत पुसत होता. “घेऊन जावा ह्ये हितनं. मला कसंतरीच व्हतंय.”

गणपतरावांनी मागच्या गटारीत बाटली पालथी केली. दूध घालायच्या जागी माश्यांचं मोहोळ असतंय. सगळ्या गटारीवर माश्या होत्या. ह्या दुधावर एक बसली नाही.

त्यांनी तिथनंच यशराजला फोन केला. “ती जागा नगं. दुसरी बघ.”

“आईनं तर कालच होकार कळवलाय की, पप्पा. लई खूश आहे ती. गुडघे दुखायचे थांबलेत म्हणे.”

ते खरंच होतं. शालूबाई त्या दिवशी कठडा न धरता जिना उतरून परत चढल्या होत्या. गणपतराव वाकून त्यांचे पाय बघायला लागले. टाचांच्या भेगा बुजल्या होत्या. तळवे मऊ, गुलाबी, कधी भुईला न लागल्यासारखे.

वास उशीला यायला लागला. अभ्रा रोज बदलला तरी सकाळी त्यावर वाळकी पांढरी खपली. जेवण बंद झालं. भाकरी पुढं ठेवली की त्या तिच्याकडं बघत बसायच्या, ही काय वस्तू आहे म्हणून. आणि दुपारी चारच्या ठोक्याला खुर्ची दाराकडं वळवायच्या, बसायच्या, आणि तोंड उघडायच्या.

गणपतराव लाळ पुसायचे. किळस यायची. ज्या बायकोबरोबर अडतीस वर्षं एका ताटात जेवले, तिची किळस येते ह्याचीच त्यांना जास्त किळस यायची. पुसून झालं की मोरीत जाऊन ते हात साबणानं घासायचे.

नवव्या दिवशी त्यांनी रबराची पाल काढली. जुनी, एका डोळ्याची. ह्या पालीपायी शालूबाईंनी त्यांना लाटणं फेकून मारलं होतं, दोनदा. चारला पाच मिनिटं असताना त्यांनी ती शालूबाईंच्या मांडीवर टाकली आणि ओरडले, “शालू, पाल!”

शालूबाईंनी पाल उचलली. तोंडात धरली. चोखायला लागल्या.

गणपतरावांनी ती ओढून काढली. लाळेची तार त्यांच्या मनगटाला चिकटली. ते खाली फरशीवरच बसले, बायकोच्या मऊ पायांपाशी.

“शालू, एक शिवी दे. एकच दे की गं. म्या मस्करी केली. मला काय ठावं...”

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

शालूबाईंनी खाली बघितलं. डोळे स्वच्छ, ओळखीचे. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या पहिल्यासारखं हसल्या, चोर पकडल्यावर हसतात तसं.

“तुमी कुंडीत वतलंसा न्हवं?”

गणपतरावांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “तुमचा पेला त्या मावशींनी ठेवलाय झाकून. ऊनच हाय अजून. कवा बी या म्हणाल्यात.”

मग त्यांनी दाराकडं बघत तोंड उघडलं.

गणपतरावांना काहीतरी बोलायचं होतं. शब्द जुळवायला ओठ मिटायला लागतात. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, हनुवटी आपली बी ओली हाय.