ओलं फडकं

पाच लिटर पाणी गेलं कुठं?

हे सुगतनं पोलीस ठाण्यात विचारलं, दवाखान्यात विचारलं, चितेपाशी उभ्या असलेल्या सोयऱ्यांनाही विचारलं. त्याचा मोठा भाऊ, मेकॅनिक मनोज, दुरुस्तीला आलेली मोटार चालवून बघायला गेला आणि हिवरखेडच्या रस्त्यावर, भर दुपारी, बंद पडलेल्या त्या मोटारीशेजारी मरून पडलेला सापडला होता. बॉनेट उघडं. ओठ फाटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. बाजूला पाण्याचा पाच लिटरचा कॅन, रिकामा. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. मोटारीचे मालक खुशालराव म्हणाले, कॅन मी माझ्या हातानं काठोकाठ भरून दिला होता. भरला होता, तर माणूस तहानेनं कसा मेला? सुगतच्या डोक्यात एकच बसलं. म्हातारा खोटं बोलतो.

तीन आठवड्यांनी खुशालराव दोघा भावांच्या अकोल्यातल्या गॅरेजात आले. मोटार त्यांच्या वडिलांची, चौसष्ट सालची, काळीभोर. लेक वर्षालीची पाठवणी तिच्यातूनच करायची होती, अन् चालता चालता बंद पडायचा तिचा दोष अजून तसाच होता.

"दोष मी काढतो," सुगत म्हणाला. "पण तुमी संग बसा लागन. त्याच रस्त्यानं, त्याच टायमाले."

"मले काहून नेतं बाप्पा एवढ्या उन्हात?"

"एकटा गेलेला मेला ना जी."

खुशालराव मागच्या सीटवर बसले.

निघण्याआधी सुगतनं सगळं तपासलं होतं. प्लग साफ, कार्बोरेटर साफ, इंजिनाच्या कुशीतला पेट्रोलचा पंप बाहेरून कोरडा, त्यावर काही नाही. गाडी थंड असली की दोष सापडतच नव्हता. पाण्याचे दोन कॅन त्यानं स्वतः भरले, डिकीत ठेवले, कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. आज कोणाच्या शब्दावर राहायचं नव्हतं.

हिवरखेडच्या अलीकडे एक रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, लागतो. खाली नाला कोरडा, वर सावलीला एक झाड नाही. रेक्झिनच्या सीटांना जळका वास सुटला होता. आरशात खुशालरावांचा चेहरा दिसत होता आणि सुगत रस्त्यापेक्षा त्याच्याकडंच जास्त बघत होता. रपटा ओलांडला आणि इंजिन गेलं. धक्का नाही, खोकला नाही. कोणी बटण दाबून बंद करावं तसं.

मनोज मेला ती जागा हीच होती.

सुगत उतरला. बॉनेट उचललं. आणि त्याचा हात तिथंच थांबला.

पंपावर एक फडकं गुंडाळलेलं होतं. ओलं. थेंब थेंब गळत होतं.

उन्हात पंप तापला की त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते. मग जुने मेकॅनिक पंपावर ओलं फडकं ठेवून त्याला गार करतात. मनोज नेहमी तेच करायचा. हे फडकंही त्याचंच होतं, निळ्या चौकडीच्या लुंगीचा तुकडा.

"हे तुमी ठेवलं?"

"मी खाली तरी उतरलो का?" खुशालराव खिडकीतून म्हणाले. "काय ठेवलं?"

सुगतनं फडकं ओढलं आणि रस्त्यावर फेकलं. डांबरावर पडताच ते चुर्रर्र झालं. तो डिकीकडं गेला. कुलूप जसंच्या तसं. उघडलं. एक कॅन निम्मा झाला होता. झाकण घट्ट, डिकी कोरडी.

तो परत पुढं आला. फडकं पंपावर होतं. पुन्हा ओलं.

"सुगत..." खुशालरावांचा आवाज खाली आला. "पाण्याचा आवाज कायचा येऊन राहिला?"

टप... टप... टप...

म्हातारा खोटं बोलला नव्हता. पाणी पंपावर गेलं होतं. दादा पीत नव्हता, ओतत होता. शेवटच्या थेंबापर्यंत.

पण पंप आता बर्फासारखा गार होता. सुगतनं चावी फिरवून पाहिली, तरी गाडी सुरू होईना. म्हणजे दोष पंपात नव्हताच. सुगतनं प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि खुशालरावांना पुढं येऊन चावी फिरवायला लावली. ठिणगी पिवळी आली, मरतुकडी. निळी, कडकडीत यायला हवी.

म्हणजे कंडेन्सर. बोटाच्या पेराएवढी डबी. ती बिघडली तरी थंड असताना चालते, तापली की ठिणगी कमजोर करते.

मनोज गेला त्याच सकाळी त्यानं सांगितलं होतं, "सुगत, बाजारातून नवा कंडेन्सर आण." सुगतला मॅचला जायची घाई होती. त्यानं जुन्या सामानाच्या डब्यातला एक उचलला, पेट्रोलनं घासून चकचकीत केला आणि दिला. "नवा आहे दादा."

मनोजनं या रस्त्यावर गाडीतलं सगळं उघडून पाहिलं असेल. कंडेन्सरकडं पाहिलं नसेल. तो भावानं आणलेला होता.

सुगतनं पेटीतून नवा, कागदातला कंडेन्सर काढला. जुन्याच्या जागी तो बसवू लागला. त्याच्या कोपराला लागून कोणीतरी वाकलेलं होतं. दिसत काही नव्हतं, पण तेवढ्या जागेत ऊन लागत नव्हतं.

"दादा," तो हळूच म्हणाला. "पंप नाई... कंडेन्सर होता. मी जुना देला होता तुले."

टपटप थांबली.

"कोणाशी बोलून राहिला बे?" स्टिअरिंगमागून खुशालराव कुजबुजले.

"चावी फिरवा."

इंजिन एका फेऱ्यात सुरू झालं. आवाज गोड, एकसारखा. खुशालरावांनी हात जोडले, मग म्हणाले, "चाल, बस लवकर. इथं नको थांबू."

सुगत बसला नाही. तो डिकीपाशी गेला आणि दोन्ही कॅन घेऊन रस्त्याच्या कडेला आला, जिथं मनोज पडलेला सापडला होता तिथं. गडी माणसाला ओंजळीत पाणी देतात तसा त्यानं निम्मा कॅन तिरपा केला.

"पी दादा."

धार सुटली, कमरेएवढ्या उंचीपर्यंत आली आणि तिथंच संपली. खाली डांबरावर एक थेंब पडला नाही. कॅन हलका होत गेला, रिकामा झाला. सुगत सरळ व्हायला लागला, तर मनगटावर थंड बोटं आली. घट्ट. एका माणसाच्या दोन हातांना असतात त्याहून जास्त. या रस्त्यावर तहानेनं मेलेला दादा एकटाच नव्हता.

मोटारीतून खुशालराव हाका मारत होते.

सुगतनं मोकळ्या हातानं दुसरा कॅन ओढला, झाकण दातांनी फिरवलं आणि ओतू लागला.