अन्य वारस नाही

"...सबब चिरंजीव पंडित हाच माझा वारस असून त्याच्याशिवाय मला अन्य वारस नाही."

व्यंकटराव पाटलांनी वसियतीचा, म्हणजे मृत्युपत्राचा, कागद वाचून संपवला आणि चष्मा काढला. आदल्या दिवशीच किशनरावांचं तेरावं झालं होतं. ओसरीवर भाऊबंद बसले होते. त्यांच्यासाठी चहा घेऊन आलेली दैवशाला उंबऱ्यातच थबकली. अन्य वारस नाही! मग इतकी वर्षं या घरात राबली, ती कोण होती?

सोनपेठच्या नवऱ्याने दुसरी बायको केली, तेव्हा आबा, म्हणजे किशनराव, स्वतः बैलगाडी जुंपून लेकीला परत घेऊन आले होते. पाठोपाठ आई गेली, आणि धाकट्या पंडितची आई दैवशालाच झाली. रझाकारांच्या धामधुमीत गाव उठून पळालं, तेव्हा याच पंडितला छातीशी धरून ती उभ्या ज्वारीत रात्रभर बसली होती. पुढे आबांचं अर्धं अंग लुळं पडलं. त्यांना कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं, घास भरवणं... हे सारं तिनेच केलं. सून कोकिळा नाकाला पदर लावून लांब उभी राही!

"पंडित," तिने उंबऱ्यातूनच विचारलं, "आबांनी खरंच असं सांगितलं? माझं नाव सुदिक घेतलं न्हाई?"

दाराआडून कोकिळा खाकरली, तसा पंडित खाली बघत म्हणाला,

"कागदात हाय तेच हाय, आक्का."

"मंग म्या कोन? मोलकरीन?" चहाचं ताट तिने धाडकन खाली ठेवलं. "बापानं जितेपनी मला मारून टाकलं व्हय? कोर्टात जाईन, पंडित! म्या त्याची लेक हाय का न्हाई, ते कोर्टच सांगंल!"

बोलल्याप्रमाणे ती घराबाहेर पडली. गंगाखेडला कस्तुराबाई नावाची तिची आत्या होती, तिच्याकडे राहून लोकांची दळणंकांडणं करू लागली. लोक म्हणाले, जमिनीसाठी बाई घरावर उठली. म्हणेनात का! जमीन कुणाला हवी होती? विहिरीकाठचं ते लिंबाचं वावर, तिच्या हाताखाली पिकलेलं... त्याचाही मोह तिला नव्हता. तिला एवढंच कळायला हवं होतं, की बापाच्या लेखी आपण कुणीतरी होतो की नाही.

वकील हुशार होता. "मुलीला हक्क देणारा कायदा आलाय बाई, पण वसियत उभी आहे तोवर त्याचा उपयोग नाही. ती पाडायला एकच वाट. म्हातारा अंथरुणावर होता. त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली होती, एवढं शपथेवर सांगा. शुश्रूषा तुम्ही केलीत, कोर्ट तुमचंच ऐकेल."

तिने होकाराची मान हलवली. का हलवणार नाही? अंतःकरण पेटलेलं होतं! दळताना जात्याबरोबर तिच्या तोंडून शिव्या निघत, आणि त्या मेलेल्या बापाला असत. वर्षश्राद्धाचं बोलावणं घेऊन पंडित दारात आला, तर तिने दारही उघडलं नाही. "ज्याला लेक न्हाई, त्याच्या श्राद्धाला म्या कशाला?" ती आतूनच ओरडली. तो तसाच परत फिरला.

सुनावणीचा दिवस उजाडला. शपथ झाली. वकिलाने मायेने विचारलं, "बाई, वसियत केली तेव्हा तुमच्या वडिलांची बुद्धी ठिकाणावर होती का?"

उत्तर पाठ होतं. पण ओठांवर येईना! लुळा पडलेला, लाळ गळणारा तो चेहरा तिच्यासमोर उभा राहिला. घास तोंडाशी नेला की मान फिरवून तो विचारी, "तू जेवलीस का?" तिने हो म्हटल्याखेरीज तोंड उघडत नसे. त्या माणसाला येडा म्हणायचं? भरल्या कोर्टात?

"बाई, बोला."

"ठिकानावर होती," दैवशाला म्हणाली. "शेवटच्या घासापर्यंत माझ्या बापाची मती ठिकानावर होती. त्यानं केलं ते समजूनउमजून केलं. मला काई म्हनायचं न्हाई."

वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. दावा तिथेच बुडाला.

ती बाहेर आली, तोच मागून पंडित धावत आला आणि सगळ्यांदेखत त्याने तिचे पाय धरले.

"आक्का, मला जोड्यानं हान! लिंबाचं वावर तुझंच हाय! आई गेली त्या साली सोमवतीला आबांनी गंगेवर तुझ्या नावानं त्याचं उदक सोडलं. तू तवा तापानं पडली होतीस, तांब्या म्या पोरानं धरला होता. दान तोंडानं बोललं की पुन्य जातं, अन् पुन्य आईच्या नावचं, म्हनून जितेपनी बोलले न्हाईत. म्होरं मला म्हनले, माझ्या मागं तिच्या हवाली कर. वसियत लिहिनाऱ्यानं इचारलं, लिंबाच्या वावराचं काय? तर म्हनले, उदक सोडलेलं रान माझं कसं? ते लिहायचं न्हाई. लेकीचं लेकीला पोचलं, आता ऱ्हायला पंडित. त्या मानसानं त्याच्या रोजच्या रिवाजानं लिहून टाकलं, अन्य वारस न्हाई. आबाला कुठं वाचता येत होतं?"

"अन् तुला, पंडित?"

"येत होतं गं, कळतबी होतं... विहिरीचं रान म्हनून कोकिळा अडून बसली. तरी म्या सांगनार होतो. तू कोर्टाचं नाव काढलंस अन् म्याबी हट्टाला पेटलो."

त्याला गदागदा हलवत दैवशाला किंचाळली, "रान खाल्लं असतंस तर चाललं असतं रे! माझा बाप कामून खाल्लास? वरीसभर शिव्या दिल्या म्या त्याला... श्राद्धाचं पानी सुदिक दिलं न्हाई! त्या शिव्या आता कशा माघारी घेऊ? सांग ना, कशा घेऊ?"

पंडित लहान पोरासारखा हुंदके देत होता. या हाताने वाढवलेला पोर... तिने त्याला उठवलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

"चल," ती म्हणाली. "कुठं उभा होता आबा, ते दाखव."

दोघं गंगेवर, गोदावरीच्या घाटावर आली. पाणी बरंच खाली गेलं होतं. पंडितने पायरी दाखवली; दैवशाला तिच्यावर बसली.

"काय म्हनला होता?"

"भटजी सांगत होते तसं म्हनत होते. मधीच थांबले, अन् आपल्या बोलीत म्हनले..." पंडितने डोळे पुसले. "ही माझी थोरली लेक, दैवशाला. हिला देतो. हिच्या मायच्या नावानं देतो."

"परत म्हन."

"ही माझी थोरली लेक, दैवशाला..."

"अजून एकदा, पंडित."

तो म्हणत राहिला. बाप गेल्यापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली.