झाडून काढलेली कुजबुज

पहिल्यांदा तो शिरला तोच चुकीच्या खोलीत. खांद्याला गिटार, केस विस्कटलेले.

"रेकॉर्डिंग इथेच ना?"

"ते शेजारी. इथे फक्त कचरा काढतात," एका कानावरचा हेडफोन सरकवत ती म्हणाली.

रेकॉर्डिंगमधली खरखर, खोकले, खुर्च्यांची कुरकुर पुसणं हे तिचं काम. स्टुडिओत तिला लाडाने 'झाडूवाली' म्हणत. गिटारवाला मग रोजच खोली चुकू लागला. तिच्यासमोर बसून नवी चाल वाजवायचा, फोनवर रेकॉर्ड करायचा.

"मी दिशांच्या बाबतीत कच्चा आहे," तो म्हणायचा.

"आणि बहाण्यांच्या बाबतीतही," ती म्हणायची आणि हसत सुटायची. खरं ते बोलायला मात्र दोघांचीही जीभ रेटेना.

शेवटी त्याने एक धून आणून दिली. नुसती वाद्यं, धुक्यासारखी दाट.

"नीट ऐका हं... अगदी तळापर्यंत," एवढंच बोलून तो पसार झाला.

तिने इमानेइतबारे काम केलं. तारांखाली कुठेतरी पुसट कुजबुज होती. शेजारच्या खोलीतला आवाज झिरपला असेल, म्हणून तिने तीही पुसली आणि धून पाठवून दिली.

उत्तर आलं, 'छान साफ केलंत. काहीच शिल्लक ठेवलं नाहीत.'

तिला ते कौतुक वाटलं. पण त्यानंतर तो फिरकलाच नाही. मग कुणीतरी सांगितलं, त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय, रविवारी निघतोय. "बरं झालं की," ती म्हणाली. रात्री आईने "ताटाशी का भांडतेयस गं?" म्हटलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने त्याची मूळ धून लावली. त्याचं म्हणून तेवढंच तिच्यापाशी उरलं होतं. पुन्हा ती कुजबुज आली. तिने आवाज वाढवला. "परत वाजवा ना..." – हा तर तिचाच आवाज. मग तिचं हसू. आणि अगदी तळाशी तो, अडखळत... "हे मला रोज ऐकायचंय... आयुष्यभर."

त्याने मन मोकळं केलं होतं, आणि हिने त्यावर झाडू फिरवला होता. सुट्टी संपली तरी ती त्या धुनीपाशीच बसून राहिली आणि संध्याकाळी तिने फोन लावला.

"ती कुजबुज... मला शेजारचा गोंगाट वाटला हो."

तो पलीकडून म्हणाला, "मला वाटलं, तेच तुमचं उत्तर."

"रविवारी निघताय म्हणे?"

"तिकीट काढलंय..."

"मग त्याआधी एकदा या. धून पुन्हा साफ केलीय मी. या वेळी वाद्यं पुसलीत, आवाज तेवढे ठेवलेत. आणि शेवटी माझं एक... 'मलाही' घातलंय."