शांततेची घंटा

गाडी साडेचारला येणार ना? मग आता झोपू नका. पावणेचार होऊन गेलेत. जरा डोळा लागला की उठताना कुरकुराल, गाडी चुकेल आणि तुमची आई फोनवर माझीच हजेरी घेईल. बॅगा दाराशी ठेवा. हळू ठेवा रे, मामी आत झोपलीय. आणि तू ऊठ बरं तिथून. भिंतीवरच्या त्या पेटीखाली नको बसूस. हसतोस काय? इकडे ये, सांगतो.

ती पेटी कसली, असं तुम्ही लहानपणापासून विचारताय आणि मी टाळतोय. आज सांगून टाकतो. गोष्ट माझ्या एका मित्राची आहे.

इथं बाजारामागच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर, एक रेडिओ केंद्र होतं. लोकांनी लोकांसाठी चालवलेलं, टीचभर. शेवटच्या बसथांब्यापलीकडे ऐकू यायचं नाही. दोनच खोल्या. त्याआधी तिथं कानाचे एक डॉक्टर बसायचे. आतली खोली त्यांनी पेशंटचे कान तपासायला बांधून घेतलेली. भिंतींना जाड अस्तर, दोन खोल्यांच्या मध्ये जाड काच. आम्हाला स्टुडिओ आयताच मिळाला. मी तिथली यंत्रं सांभाळायचो. आणि ही पेटी म्हणजे माझ्या गळ्यातलं लोढणं. केंद्रावरून वीस सेकंद काहीच आवाज गेला नाही, की टेलिफोनच्या तारेवरून इथं घंटा वाजायची आणि हिरवा दिवा लाल व्हायचा. मग मी सायकल काढून धावायचं. शांततेची घंटा म्हणायचो आम्ही तिला. आवाज जात असेल तर हिरवा, नसेल तर लाल. एवढंच त्या पेटीला कळतं. खोटं बोलायला तिला येत नाही. ते आपल्याला येतं.

माझ्या मित्राला सगळे खुडबुडे म्हणायचे. दिवसा शिलाई मशीन दुरुस्त करायचा आणि पहाटे चार दहा ते पाच रेडिओवर कार्यक्रम करायचा. संगीताचा. म्हणजे तो त्याला संगीत म्हणायचा. गळका नळ, हळू करून वाजवलेला. मशीनच्या पोटातली घरघर. एकच सूर, वीस वीस मिनिटं. मी म्हणायचो, "अरे, लोक बिघाड समजून मला फोन करतात." तो म्हणायचा, "म्हणजे ऐकतात तर!"

वर त्याची एक खोड होती. आतल्या खोलीतला माइक तो कायम उघडा ठेवायचा. आत कोणी नसायचं, नुसती एक खुर्ची. "रिकाम्या खोलीलाही आवाज असतो," म्हणायचा. मधूनच मिनिटभर काहीच नाही लावायचा. म्हणून त्याच्यासाठी मी एक बटण बसवून दिलं होतं, तेवढ्यापुरती घंटा बंद ठेवायला. बटण कोणी दाबलं, किती वाजता, ते वहीत लिहून सही करायची. ही वही लक्षात ठेवा.

केंद्राच्या प्रमुख बाईंना हा कार्यक्रम डोळ्यांसमोर नको होता. त्यांना त्या वेळेला बातम्या हव्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, आता एक जरी तक्रार आली तरी कार्यक्रम बंद. खुडबुडेचा सगळा जीव त्या पन्नास मिनिटांत. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मला एकदा म्हणाला, "दिवसभर लोक विचारतात, हे कधी दुरुस्त होणार. या वेळात मला कोणी काही विचारत नाही रे."

तर एका संध्याकाळी मी त्याच्या दुकानात माइकची नवी वायर द्यायला गेलो. वायर घेतली नाही त्यानं. एक पोस्टकार्ड पुढे सरकवलं.

"हे तुझं काम?"

कार्ड रात्रपाळीच्या एका नर्सचं होतं. लिहिलं होतं, 'सध्या तुम्ही जे बारीक सूर लावता, ते मी रोज ऐकते. प्रत्येक सुरानंतर जी हलकीशी टक घालता, ती तर फारच छान.'

"मी टक घातलेली नाही," खुडबुडे म्हणाला.

त्यानं मला रेकॉर्डिंग ऐकवलं. सूर आला, विरला. मग टक. काचेवर नख वाजवावं तशी. पुन्हा सूर. पुन्हा टक. अकरा सूर, अकरा टका.

"वायरी तुझ्या हातात, दुसरी किल्ली तुझ्याकडे," तो म्हणाला. "बाईंनी सांगितलं का तुला, याचा कार्यक्रम बिघडव म्हणून?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. बारा वर्षांची दोस्ती, आणि हा माझ्यावर संशय घेतो. आणि गंमत म्हणजे, मला त्याचाच संशय येत होता. कार्यक्रम जायच्या बेतात असताना अचानक कौतुकाचं कार्ड? यानंच टका घातल्या असणार आणि आता आव आणतोय. मी तसं तोंडावर बोललो. मग काय, जुंपली आमची. दुसऱ्या दिवशी पाहतो तर यानं आतल्या खोलीच्या दाराला कागदाची पट्टी चिकटवलेली, त्यावर सही. मी गुपचूप त्याच्या पिशवीत डोकावून पाहिलं. तो माझ्या अवजारांची पेटी उघडून बघत होता. पट्टी तशीच राहिली. टका येतच राहिल्या.

रात्री जेवताना मामीला सांगितलं. तिचा हात ताटातच थांबला.

"लहानपणी आईला घेऊन गेले होते मी तिथं," ती म्हणाली. "डॉक्टर तिला त्या आतल्या खोलीत बसवायचे, कानाला यंत्र लावायचे. बारीक बारीक सूर सोडायचे. आणि सांगायचे… ऐकू आला, की काचेवर बोटानं टक करा."

मी हसलो. तिला हसू आलं नाही.

शेवटी ठरलं, दोघांनी एकत्र बसायचं. बारा नोव्हेंबर, गुरुवारची पहाट. माझी एक अट होती, आज घंटेचं बटण दाबायचं नाही. घंटा चालू. घरी मामी पेटीसमोर फोन घेऊन बसेल. तो म्हणाला, "तुझ्या बायकोवर मी का विश्वास ठेवू?" मी म्हटलं, "कारण ती माझ्यावर ठेवत नाही." तेवढ्यावर तो हसला. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

चार दहा. दाराची पट्टी पाहिली, शाबूत. आत अंधार. काचेतून खुर्चीची पाठ तेवढी दिसत होती. खुडबुडेनं सूर सुरू केले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले, मला दिसतील असे. मीही ठेवले. दोन चोर एकमेकांवर पहारा ठेवतात तसे बसलो.

पहिला सूर आला. विरला.

टक.

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. तो माझ्या. कोणाचंच बोट हललं नव्हतं.

त्यानं आवाज आणखी कमी केला. दुसरा सूर. टक. आणखी कमी. तिसरा मला ऐकूच आला नाही, नुसता काटा हलला, बाहेर जाणारा आवाज दाखवतो तो.

टक.

मग खुडबुडेनं सूर वाजवणारं यंत्र बंद केलं. "आता काहीच लागलेलं नाही," तो कुजबुजला.

आम्ही थांबलो. पाच सेकंद. दहा. मी मनात मोजत होतो. वीस झाले की घरी घंटा वाजणार, मामी फोन करणार.

अठरा. एकोणीस. वीस.

पंचवीस.

फोन नाही.

"काटा बघ," तो म्हणाला.

काटा वर गेलेला. यंत्र बंद. आम्ही गप्प. आणि काटा वर. बाहेर काहीतरी जात होतं… हळूहळू काटा खाली आला.

टक.

मीच फोन लावला घरी. "दिवा?"

"हिरवा आहे," मामी म्हणाली. "का हो?"

मी फोन ठेवला. काटा पुन्हा वर. खाली. टक. वर. टक. वर… टक. मग लवकर लवकर. मग…

थांबलं.

काटा वर होता. खाली येईना. टक येईना. कोणीतरी वाट बघत होतं. कसली?

खुडबुडे काचेकडे वाकला. मान जराशी तिरकी. त्याचा चेहरा… कसं सांगू. आपल्याला नावानं हाक मारल्यावर होतो तसा. त्यानं बोट उचललं.

आणि काचेवर टक केलं. आपल्या बाजूनं.

काटा खाली आला.

"तुला नाही ऐकू आलं?" त्यानं मला विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

सात मिनिटं गेली होती त्यात. सात मिनिटं लोकांच्या रेडिओवर काही नाही, नुसती टकटक. सकाळी सातला तक्रार. आठला बाईंनी दोघांना उभं केलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि मलाच.

"घंटा का वाजली नाही?"

काय सांगणार? घंटा चालू होती, असं म्हटलं तर यंत्र बिघडलेलं, म्हणजे माझी नोकरी. यंत्र ठीक होतं म्हटलं, तर मग हवेत काय होतं ते सांगा. बाईंपुढे वही उघडी होती, बटणाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. खुडबुडे माझ्याकडे बघत होता. त्याला पूर्ण खात्री होती, मी खरं बोलेन. इतके दिवस माझ्यावर संशय घेतला त्यानं, आणि नेमका त्या दिवशी नाही घेतला.

मी म्हणालो, "यांनी बटण दाबलं होतं. लिहायचं राहिलं असेल." आणि पेन घेऊन मीच रकाना भरला. चार दहा, बंद.

त्यानं किल्ली काढून टेबलावर ठेवली. जिन्यात मला एवढंच म्हणाला, "तूही तिथं होतास रे."

तुमच्या मामीनं महिनाभर अबोला धरला. दिवा तिनं पाहिला होता ना. खुडबुडे पुन्हा माझ्याशी बोलला नाही. किती वेळा त्याच्या दुकानासमोर सायकल हळू केली, उतरायचं धाडस झालं नाही. लाज वाटायची. अजून वाटते. आणि लाज झाकायला मी स्वतःला सांगत राहिलो, की त्याला कुठं काय ऐकू आलं, नाटक केलं असेल.

पुढे केंद्रच बंद पडलं. टेलिफोनची तार कापून नेली. पेटीचा प्लग मी काढून ठेवला. पेटी मात्र टाकवली नाही.

दोन वर्षांपूर्वी खुडबुडे गेला. पहाटेच गेला म्हणतात. मला दुपारी कळलं. गेलो नाही मी. कुठल्या तोंडानं जाणार? त्या रात्री झोपच लागेना. पहाटे पाणी प्यायला उठलो, इथंच या खुर्चीत बसलो, आणि…

किती वाजले? चार नऊ? ठीक. तो प्लग बघ, टेबलावर पडलाय. उचल. हातातच धर. भिंतीतून आलेली टेलिफोनची तार बघितलीस? वीतभर आहे, पुढे काही नाही.

आता बोलू नका.

…

बघा.

हिरवा.

पाचपर्यंत राहील. रोज राहतो. लावतोय तो काहीतरी… तुला काही ऐकू येतंय का? नाही ना.

मलाही येत नाही.